तर्रीच्या आधीचा प्रश्न: कोल्हापूर आणि नाशिक

नाशिकची मिसळ भारी की कोल्हापूरची, हा वाद तुम्ही कधी ना कधी घातलाच असेल. मी नाशिकमध्ये वाढलेय, त्यामुळे माझं मत विचारण्यात अर्थ नाही. पण दोन्ही शहरांत बाहेर खाण्याची सवय कशी रुजली, हा माझ्या पीएचडीच्या कामाचा एक भाग आहे, आणि त्यात एक गोष्ट सारखी जाणवते. आपण मिसळीबद्दल बोलताना फक्त तिखटाबद्दल बोलतो.

तिखटाचा हिशोब तसा सोपा आहे. नाशिकच्या रश्श्यात काळा मसाला असतो. कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजायची ही रीत शेजारच्या खानदेशाशी नातं सांगते. सोबत पाव, पापड, दही आणि मागून जिलबी. कोल्हापूरचा कट लालभडक, कांदा-लसूण मसाल्याचा. तिकडे संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची सीमेपलीकडून सहज येते. सोबत स्लाइस ब्रेड. आता यातली मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या मागे काही ती जात नाही. पावही त्यांचाच. अस्सल देशी आहे ती मटकी, सिन्नर-येवल्यासारख्या कमी पावसाच्या भागात तग धरणारी. तेव्हा ‘पुरातन चव’ अशी पाटी दिसली की थोडं हसून घ्या.

पण मिसळ ही मुळात बाहेर, बाकावर बसून, दुसऱ्याच्या बशीत खायची गोष्ट. मग त्या बाकावर कोण बसू शकत होतं? शंभर वर्षांपूर्वी दलितांना हॉटेलात चहा मिळालाच तर दाराबाहेर, वेगळ्या कपात मिळे. माझ्या मते या दोन शहरांची खरी तुलना इथून सुरू व्हायला हवी.

कोल्हापूरची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. गंगाराम कांबळे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली, आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल उभं राहिलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? तर महाराज स्वतः तिथे थांबून चहा घ्यायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. राजाने पुढे केलेला कप नाही म्हणायची सोय नव्हती! नुसता हुकूम काढून हे साधलं नसतं. हुकूमही निघालेच, सार्वजनिक जागी शिवाशिव पाळू नये असे आदेश १९१९ साली संस्थानात निघाले. १९२२ मध्ये महाराज गेले. एका राजाच्या हयातीत सगळं शहर बदललं असं मी म्हणणार नाही, पण पायंडा पडला होता.

नाशिकला असा राजा नव्हता. हा ब्रिटिश अमलातला जिल्हा, आणि शहराची घडी क्षेत्राची. यात्रेकरू रामकुंडावर यायचे, तीर्थोपाध्यायांकडे उतरायचे, जेवणही तिथलंच, सोवळ्यातलं. अशा गावात बदल वरून येणं अवघडच होतं. तो खालून आला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दारं बंद करून घेतली गेली, दगडफेक झाली. लढा काही वर्षं चालला, तरी मंदिर उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली.

तुम्ही म्हणाल, मंदिराचा आणि मिसळीचा काय संबंध? राज्यघटनेचं पंधरावं कलम काढून बघा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आणि विहिरी, तलाव, स्नानाचे घाट हे सगळं तिथे एकाच उपकलमात आहे. रामकुंडाचा घाट आणि हॉटेलचा बाक हा एकच प्रश्न आहे, हे लिहिणाऱ्यांना नेमकं माहीत होतं. १९५५ च्या कायद्याने हॉटेलात अडवणं हा गुन्हा ठरला.

त्यानंतरचं नाशिक कारखान्यांचं. नाशिकरोडचा नोटांचा छापखाना आधीपासून होता. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि पुढे सातपूर, अंबड उभं राहिलं. शिफ्टला जाणारी, कुठून कुठून आलेली माणसं. त्यांना स्वस्त, पोटभरीचं आणि पटकन मिळणारं खाणं हवं होतं. वर रस्सा पुन्हा मागता येतो! शेजारी कोण बसलंय हे विचारायला तिथे वेळही नव्हता. नाशिकची मिसळ क्षेत्राने नाही, या गर्दीने मोठी केली, असं माझं म्हणणं आहे. आज गंगापूर रोडकडच्या मळ्यात रविवारी गाडी काढून मिसळ खायला जाणं ही अगदी अलीकडची, वेगळीच गोष्ट. तिच्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहीन.

तोवर एक काम करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांनी पहिल्यांदा हॉटेलात काय खाल्लं, आणि आत बसून की बाहेर उभं राहून. गाव आणि साधारण साल सांगितलंत तरी पुरे.