न चालवता केलेला हिशेब : कंपायलरनिर्मितीच्या इतिहासातील मुंबई-पुण्याचे योगदान

प्रस्तावना

महाराष्ट्रातील संगणकाचा इतिहास सांगताना आपण सहसा यंत्रांचा इतिहास सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला आणि पुढे 'टिफ्रॅक' हे नाव मिळालेला संगणक, त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेले सी.डी.सी. ३६००, पुण्याच्या 'सी-डॅक'ने १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' ही या इतिहासाची परिचित स्थानके होत. यंत्र डोळ्यांना दिसते, त्याचे छायाचित्र काढता येते, त्याचे उद्घाटन करता येते. परंतु माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला समजेल अशा रूपात आणणारा जो कार्यक्रम, म्हणजे कंपायलर, त्याच्या अंतरंगात झालेले वैचारिक कार्य असे दिसत नाही. म्हणून त्याची नोंद तज्ज्ञांच्या नियतकालिकांपुरतीच राहते.

प्रस्तुत निबंधात कंपायलरच्या इतिहासातील एका प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता ती कशी चालेल, हे कंपायलरने कसे ओळखायचे? या प्रश्नाच्या उत्तरात मुंबई व पुणे येथील अभ्यासकांचा वाटा कोणता, आणि परभणीसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय, याचा विचार येथे केला आहे. संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांनाही विषयाचे आकलन व्हावे म्हणून आवश्यक संकल्पना प्रथम स्पष्ट केल्या आहेत.

संकल्पनांचे स्पष्टीकरण

कंपायलरचे काम स्थूलमानाने तीन टप्प्यांत होते. प्रथम तो आज्ञावलीची रचना व्याकरणदृष्ट्या तपासतो, नंतर तिला मधल्या एका रूपात आणून तिच्यात सुधारणा करतो आणि शेवटी यंत्राच्या आज्ञा तयार करतो. या शेवटच्या टप्प्यास संकेतनिर्मिती म्हणता येईल.

मोंढ्यातील कापूस खरेदीचे उदाहरण घेऊ. ५०० शेतकऱ्यांच्या मापांची नोंद आहे. वजन किलोमध्ये आहे आणि भाव क्विंटलचा आहे. प्रत्येकाची रक्कम काढण्यासाठी आज्ञावलीत 'भाव भागिले १०० गुणिले वजन' असे लिहिले आहे. दिवसभराचा भाव एकच असेल, तर 'भाव भागिले १००' हा भागाकार ५०० वेळा करण्याचे कारण नाही. तो एकदा करून ठेवला की पुरे. हे ओळखून तो भागाकार आवर्तनाच्या बाहेर आणणे हे सुधारणा करणाऱ्या टप्प्याचे काम होय.

येथे दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण प्रमाणाची. त्या दिवशी एकही माप झाले नाही, तर बाहेर आणलेला भागाकार फुकट जातो. दुसरी अडचण सुरक्षिततेची. 'एकूण घट भागिले पोत्यांची संख्या' हा भागाकार पोती असतील तरच करावा, अशी अट लेखकाने घातली असेल आणि कंपायलरने तो अटीच्या आधी आणला, तर पोती शून्य असलेल्या दिवशी आज्ञावली बंद पडेल. सारांश, आज्ञावलीचा कोणता भाग किती वेळा चालेल आणि कोणत्या वाटेने जाईल, याचे काही ज्ञान कंपायलरला हवे.

हे ज्ञान दोन मार्गांनी मिळते. एक मार्ग म्हणजे आज्ञावली नमुन्याच्या माहितीवर चालवून प्रत्येक भागाची वारंवारता मोजणे. यास प्रोफाइलिंग म्हणतात. दुसरा मार्ग म्हणजे आज्ञावली न चालवता, केवळ तिच्या रचनेवरून वारंवारतेचा अंदाज बांधणे. यास स्थितिक प्रोफाइलिंग म्हणता येईल. पहिल्या मार्गात मोजणी अचूक असते, पण ती त्या नमुन्यापुरती खरी असते. दुसऱ्या मार्गात अंदाज असतो, पण तो नमुन्यावर अवलंबून नसतो.

प्रारंभीचा इतिहास

स्थितिक अंदाजाची कल्पना कंपायलरइतकीच जुनी आहे. जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली आय.बी.एम.ने १९५७ मध्ये फोरट्रानचा पहिला कंपायलर दिला. त्या वेळच्या आय.बी.एम. ७०४ या यंत्रात केवळ तीन निर्देशांक-रजिस्टरे होती. ती कोणत्या कामाला द्यावीत हे ठरवण्यासाठी कोणता भाग वारंवार चालणार हे कळणे आवश्यक होते. लोइस हेब्ट यांनी लिहिलेल्या विभागात कंपायलर यादृच्छिक संख्यांच्या साहाय्याने आज्ञावलीच्या वाटांवरून काल्पनिक फेऱ्या मारून वारंवारतेचा अंदाज काढत असे. 'फ्रिक्वेन्सी' नावाचे एक विधानही भाषेत होते आणि त्याद्वारे लेखकाला आपला अंदाज कंपायलरला कळवता येई.

१९७१ मध्ये डोनाल्ड नूथ यांनी प्रत्यक्ष वापरातील फोरट्रान आज्ञावलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारणपणे आज्ञावलीचा ४ टक्क्यांहूनही कमी भाग तिच्या निम्म्याहून अधिक वेळेस कारणीभूत असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे हा छोटा भाग अचूक हेरला तर उरलेल्याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. पुढे दीर्घकाळ कंपायलर एक ढोबळ नियम वापरत राहिले. प्रत्येक आवर्तन १० वेळा चालेल असे धरावे, आवर्तनात आवर्तन असेल तर १०० वेळा. १९९३ मध्ये थॉमस बॉल व जेम्स लारस यांनी आज्ञावलीच्या रचनेतील खुणांवरून वाटांचा अंदाज बांधण्याचे अधिक बारकाईचे नियम मांडले. १९९४ मध्ये यूफेंग वू व लारस यांनी अशा अनेक खुणांचा पुरावा डेम्पस्टर-शेफर सिद्धांताने एकत्र करून त्यातून संभाव्यता व वारंवारता काढण्याची रीत दिली. संख्याशास्त्राच्या अध्यापकांना हा सिद्धांत अपरिचित नसावा.

पवईची वाट

या प्रवाहाच्या शेजारून दुसरा प्रवाह वाहत होता. वारंवारतेचा अंदाज बांधण्याऐवजी अशी सुधारणा शोधावी की जी कोणत्याही वाटेवर नुकसान करणारच नाही, असा त्याचा विचार होता. १९७९ मध्ये एतिएन मोरेल व क्लोद रेन्व्हॉज या फ्रेंच अभ्यासकांनी अंशतः पुनरुक्त गणितांचे निर्मूलन करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुन्हा मोंढ्यातच पाहू. ओलसर कापसाच्या वाटेवर एक गणित झालेले आहे आणि कोरड्या कापसाच्या वाटेवर ते झालेले नाही. पुढे पावती करताना दोघांसाठी तेच गणित पुन्हा होते. अशा वेळी ते कोरड्या कापसाच्या वाटेवर घालावे व पावतीच्या ठिकाणचे काढून टाकावे. ओलसर वाटेवरचे एक गणित वाचते, कोरड्या वाटेवर काहीही वाढत नाही.

या संशोधनात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. धनंजय ढमढेरे यांचे कार्य पायाभूत स्वरूपाचे आहे. १९८० मध्ये जे. आर. आयझॅक यांच्यासमवेत आणि १९८२ मध्ये एस. एम. जोशी यांच्यासमवेत त्यांनी आवर्तनातील गणिते बाहेर आणणे आणि महाग गणिताच्या जागी स्वस्त गणित योजणे या दोन सुधारणा एकाच पद्धतीत गुंफण्याचे प्रयत्न प्रसिद्ध केले. १९८८ च्या लेखात त्यांनी मोरेल-रेन्व्हॉज पद्धतीतील एका मर्यादेवर उपाय मांडला. मूळ पद्धतीत नवे गणित आज्ञांच्या एखाद्या गटाच्या शेवटीच घालता येत असे. ढमढेरे यांनी ते दोन गटांना जोडणाऱ्या वाटेवरच घालण्याची मुभा दिली. वरवर हा बदल लहान वाटतो. परंतु मूळ पद्धतीतून निसटणाऱ्या काही पुनरुक्ती त्यामुळे सापडू लागल्या आणि विश्लेषणाचे ओझेही हलके झाले. १९९१ मध्ये या पद्धतीचे व्यावहारिक रूप, १९९२ मध्ये बॅरी रोझेन व केनेथ झाडेक यांच्यासमवेत मोठ्या आज्ञावलींच्या विश्लेषणावरील लेख आणि २००२ मध्ये याच निर्मूलनाची अधिक सुलभ मांडणी, असा हा अभ्यास दोन दशकांहून अधिक काळ चालला.

मोरेल-रेन्व्हॉज पद्धतीत माहिती आज्ञावलीतून पुढे आणि मागे अशी दोन्ही दिशांनी वाहते. अशा विश्लेषणाला किती श्रम पडतात, हा प्रश्न तोपर्यंत नीट सुटलेला नव्हता. १९९३ मध्ये ढमढेरे व उदय खेडकर यांनी त्याची गुंतागुंत तपासली आणि १९९४ मध्ये एकदिश व द्विदिश या दोन्ही प्रकारांना सामावणारा सामान्य सिद्धांत मांडला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा या विषयावरील ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे दोन प्रवाह पुढे एकमेकांना मिळाले. सुरक्षित पद्धत कोणत्याही वाटेचे नुकसान करत नाही, म्हणून तिला वारंवारतेची गरज नाही. मात्र क्वचित चालणाऱ्या वाटेवर थोडे नुकसान सोसून नित्याच्या वाटेवर मोठा लाभ घ्यायचा असेल, तर वारंवारता हवीच. २००३ मध्ये छ्योंग त्साय व जिंगलिंग श्वे यांनी प्रोफाइलच्या आधारे असा धाडसी पर्याय इष्टतम रीतीने साधता येतो हे दाखवले. सुरक्षिततेचा पाया आधी भक्कम झाला होता, म्हणूनच धाडसाची किंमत मोजणे शक्य झाले, असे म्हणता येईल.

पुण्याची वाट

संकेतनिर्मितीच्या इतिहासात पुण्याशी संबंधित एक नाव घ्यावे लागते. १९७० च्या दशकात झुरिक येथे पास्कल भाषेचा एक सुवाह्य कंपायलर तयार झाला. तो कोणत्याही खऱ्या यंत्रासाठी नव्हे, तर एका कल्पित यंत्रासाठी आज्ञा निर्माण करी. नव्या संगणकावर ते कल्पित यंत्र उभे करणारा छोटा कार्यक्रम लिहिला की पास्कल तेथे पोहोचत असे. या कंपायलरच्या अंमलबजावणी-टिपणांच्या लेखकांत केशव नोरी हे एक होते. पुढे ते पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रात पुढील काळात व्यावसायिक प्रणालीच्या आराखड्यापासून थेट आज्ञावली निर्माण करणाऱ्या साधनांवर आणि आज्ञावली न चालवता तिच्यातील दोष शोधणाऱ्या विश्लेषणावर काम झाले.

जीसीसी आणि आपली महाविद्यालये

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला 'जीसीसी' हा मुक्त कंपायलर आज कोणालाही विनामूल्य मिळतो व उघडून वाचता येतो. त्याच्या पुनरुक्ती-निर्मूलनाच्या फाईलच्या आरंभी आधारभूत लेखांची यादी दिली आहे, आणि तीत ढमढेरे यांच्या लेखांची नोंद आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या पोटात पवईतील कामाचा असा निर्देश आहे. या कंपायलरमध्ये प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन स्वतंत्र फाईलमध्ये लिहिलेले असते व संकेतनिर्मितीचा मोठा भाग त्या वर्णनावरून तयार होतो. अशी वर्णने टप्प्याटप्प्याने व शिस्तीने कशी लिहावीत यावर खेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पवईच्या जीसीसी संसाधन केंद्रात काम केले व अध्यापक-विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या.

येथे आपल्या अध्यापनाचा प्रश्न येतो. ग्रामीण भागातील महाविद्यालयात कंपायलर हा विषय पुष्कळदा टप्प्यांची नावे व व्याख्या पाठ करून संपतो. प्रयोगशाळेत कंपायलर ही एक बंद पेटी असते. आज्ञावली आत जाते, उत्तर किंवा चूक बाहेर येते. अशा शिक्षणातून साधनाचा वापरकर्ता घडतो, साधनाचा जाणकार घडत नाही. परभणीच्या विद्यार्थ्याने पुण्यास किंवा मुंबईस नोकरीसाठी जाताना यांपैकी कोणती ओळख सोबत न्यावी, हा साधा प्रश्न नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. मोंढ्याच्या हिशेबाची पन्नास ओळींची आज्ञावली विद्यार्थ्याकडून लिहून घ्यावी. मधल्या प्रत्येक टप्प्यावरील रूप फाईलमध्ये उतरवण्याची सोय जीसीसीत आहे. तीत कंपायलरने प्रत्येक वाटेला दिलेली संभाव्यताही वाचता येते. नंतर त्याच संचातील 'जीकोव्ह' या साधनाने आज्ञावली चालवून प्रत्येक ओळ किती वेळा चालली ते मोजावे आणि अंदाज व मोजणी शेजारी शेजारी ठेवावी. अंदाज कोठे चुकला व का चुकला, याची चर्चा हाच त्या तासाचा पाठ होय. यासाठी साधा संगणक पुरतो. गणित विभागाला यात आलेखसिद्धांत व जालक सापडतील, संख्याशास्त्र विभागाला पुराव्यांचे एकत्रीकरण.

समारोप

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, आज्ञावली न चालवता तिच्याविषयी विधान करणे ही कंपायलरशास्त्राची मध्यवर्ती बौद्धिक समस्या असून अंदाज व सुरक्षितता ही तिची दोन परस्परपूरक उत्तरे आहेत. दुसरा, यांपैकी सुरक्षिततेच्या उत्तराला गणिती बळकटी देण्यात मुंबईतील अभ्यासकांचा वाटा ठळक आहे, आणि म्हणून महाराष्ट्राचा संगणक-इतिहास यंत्रांच्या यादीवर थांबवणे अपुरे ठरते. तिसरा, या कार्याचे मुख्य भांडवल महागडे यंत्र नव्हते. कागद, पेन्सिल, सिद्धता आणि एकाच प्रश्नाचा वर्षानुवर्षे केलेला पाठपुरावा हे होते. महानगरापासून दूर असलेल्या महाविद्यालयांना यंत्रांच्या शर्यतीत उतरता येणार नाही, परंतु या भांडवलाबाबत त्यांची अडचण तुलनेने कमी आहे. ते वापरायचे की नाही, हे आपल्या वर्गातच ठरणार आहे.