घट, वेग आणि जोर

१८३८ सालच्या सप्टेंबरात सेंट पीटर्सबर्गला नेव्हा नदीवर एक नाव चालली. तिला वल्ही नव्हती, शीड नव्हते, वाफेचे यंत्रही नव्हते. मोरित्झ याकोबी या शास्त्रज्ञाने बनविलेली विजेची मोटर तिला चालवीत होती, आणि त्या मोटरीपायी नावेत तांब्या-जस्ताचे ३२० घट भरले होते. एवढे करून नावेची चाल माणसाच्या पायी चालण्याहूनही मंद!

घट एकामागून एक जोडले की व्होल्ट, म्हणजे विजेचा दाब, वाढतो हे खरे. परंतु मोटर फिरू लागली की तीही उलट दाब उत्पन्न करते, आणि वेगाबरोबर तो वाढत जातो. म्हणून व्होल्ट ठरवितात तो मुख्यतः वेग. आस फिरविण्याचा जोर येतो प्रवाहातून. आता प्रत्येक घटाच्या अंगी थोडा अडथळा असतोच. दुबळे घट दुप्पट जोडले, तर दाबाबरोबर हा अडथळाही दुप्पट होतो. मग प्रवाह वाढणार कोठून? पुढच्याच वर्षी याकोबीने प्लॅटिनम-जस्ताचे जोमदार घट घेतले, तेव्हा फार थोड्या घटांवर नाव अधिक वेगाने गेली.

नावेचे ओझे निदान पाणी पेलते. विमानाला ते स्वतःच उचलावे लागते. छंदाखातर लहान विमाने करणाऱ्यांपुढे हाच पेच होता. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडात कर्नल टॅपलिन यांनी रेडिओने हाकलेले विजेचे विमान उडविले. त्यांनी हलके पण भरपूर प्रवाह देणारे चांदी-जस्ताचे घट निवडले होते. दाब सुमारे ३० व्होल्ट.

मग व्होल्ट वाढवीतच का जाऊ नये? कारण दाब दुप्पट केला आणि मोटर अडली, तर जोर दुप्पट होतो, पण उष्णता चौपट! तारेचे वेष्टण जळून जाते. जर्मनीतल्या फ्रेड मिलिट्की यांनी आपल्या ‘सिलेंटियस’ विमानात निराळा मार्ग धरला: हलकी, वेगवान मोटर आणि वेग घटविणारी दातेरी चाके. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, असा तो सौदा.

२१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात विजेवर चालणारे विमान माणसाला घेऊन उडाले. त्यामागेही मिलिट्की होतेच. खेळण्यावर केलेला हिशेब शेवटी माणसाच्या कामी आला.