‘सेलू’ हीं अक्षरें किती?

आमच्या गांवाचें नांव सेलू. पहिलीतल्या मुलास विचारा, तो दोन अक्षरें सांगेल. संगणक मात्र चार मोजतो: स, त्यावरची मात्रा, ल, आणि त्याचा दीर्घ उकार.

आरंभीं संगणकांत सोय होती ती इंग्रजी लिपीचीच. तेव्हां मराठी छपाईसाठीं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर आमच्या अक्षरांचे आकार बसविण्यांत आले. कागदावर मजकूर सुबक उमटे. पण तोच लेख दुसऱ्या यंत्रावर नेला आणि तेथें तो फॉन्ट नसला, कीं निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. यंत्राच्या लेखीं तेथें मराठी नव्हतेंच!

उपाय एकच, आकाराऐवजीं वर्ण नोंदविणें. १९९१ सालीं ‘इस्की’ ही भारतीय मानक संहिता ठरली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचा या कामांत मोठा वाटा होता. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांत देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतलेली आहे.

तेवढ्यानें आज्ञावली लिहिणाराचें काम संपत नाहीं. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, ‘सेलू’ला १२. रकान्यांत १० बाइटांचीच जागा ठेवून मजकूर आंधळेपणें छाटला, तर आमचें गांव ‘सेल’ होतें आणि पुढें एक तुटका बाइट लोंबत राहतो. माणसाचें नांव असें छाटलें गेलें, तर दाखला आणि यादी यांचा मेळ बसावा कसा? म्हणून आज्ञावली कचेरींतल्या संगणकाची असो वा संकेतस्थळाची, लांबी पूर्ण अक्षरांनीं मोजावी. आणि कापणें अटळच असेल, तर व्यंजन व त्याची मात्रा यांच्यामध्यें कात्री घालूं नये.