मेंदूचे छायाचित्र आणि वार्धक्य

अंजनवेलच्या गोपाळगडाचा तट उभा आहे. आतील वास्तू मात्र ढासळल्या. वृद्धाच्या मेंदूचीही अशी गत होते. परंतु आल्झायमर यांना १९०६ साली ती रोगिणीच्या मृत्यूनंतरच पाहता आली. जिवंत मस्तकात डोकावण्याची सोय १९७१ साली हौन्सफील्ड यांच्या यंत्राने झाली; स्मृतिनाशाशी निगडित अमिलॉइडचा साका जिवंतपणी दिसल्याचे वृत्त २००४ साली प्रसिद्ध झाले. मौज अशी, की हा साका पाढे बिनचूक म्हणणाऱ्या धडधाकट वृद्धांतही आढळतो! त्यांना धोका अधिक, हे खरे. तथापि कित्येकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते. मग अंजनवेलच्या एखाद्या निरोगी आजोबांना हे भाकीत ऐकवावे काय? आम्हांस ते प्रशस्त वाटत नाही. रक्तदाब आटोक्यात ठेवा, हे छायाचित्रावाचूनही सांगता येते.