मिडल स्कूलातली सतरा मुले



स्मरणिकेसाठी शिक्षणावर काहीतरी लिहा, असे आपल्या विहाराच्या कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. मी सातवी झालेला माणूस. सोळा वर्षे साचेखात्यात काढली, पुढे गिरणीच बंद पडली. वाचन जे काही झाले ते पाळी सांभाळून. पण मागे एका शाळेत पालकसभेला गेलो होतो. सातवीचा निकाल सांगताना तिथल्या बाई सहज बोलून गेल्या, ह्या वस्तीतली मुले, ह्यांच्याकडून इतकेच व्हायचे. कोणी काही बोलले नाही. मीही गप्प बसलो. ते गप्प बसणे आजपर्यंत मनाला लागून आहे. त्या वेळी जे सांगायला हवे होते ते आता लिहितो.

परमपूज्य बाबासाहेबांनी मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला एक निवेदन दिले होते. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांच्या शिक्षणाची काय स्थिती आहे, हा त्याचा विषय. त्यात १८८१-८२ सालचा सरकारी तक्ता दिलेला आहे. त्या काळी मराठी शाळेनंतर इंग्रजी पहिली ते तिसरी म्हणजे मिडल स्कूल, आणि त्याच्या वर मॅट्रिकपर्यंत हायस्कूल. इलाख्यातल्या मिडल स्कुलांत तेव्हा सगळी मिळून ११,८५४ मुले होती. त्यांत ब्राह्मण ३,६३९, पारशी १,५२६, मुसलमान ६८७, शेतकरी जातींची ६२४. आणि खालच्या जाती म्हणून जो रकाना आहे, त्यात आकडा आहे १७. हजारांत नाही, शेकड्यात नाही. सतरा! त्यातही नुसते महार नव्हेत, सगळ्याच खालच्या म्हटलेल्या जाती मिळून. हायस्कुलाच्या रकान्यात तर शून्य आहे.

मी वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. खालच्या जातींची २,८६२ मुले प्राथमिक शाळेत होती. म्हणजे १६८ मुलांमागे एक मिडलला पोचला. ब्राह्मणांची प्राथमिकला ६३,०७१ होती. तिथे सतरा मुलांमागे एक पोचला. आता कोणी म्हणेल, आमची पोरे ढ होती म्हणून गळाली. पण ती वर्गात बसली तरी होती का, हे आधी विचारायला नको?

धारवाडची हकिगत बघा. धारवाड आज कर्नाटकात, तेव्हा मुंबई इलाख्यात होते. जून १८५६ मध्ये एका महार मुलाने तिथल्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. फी भरायला तयार, तरी नाकारला. त्याने थेट सरकारकडे अर्ज केला. २१ जुलै १८५६ चा सरकारी ठराव असा की, मागणी न्यायाची आहे हे खरे, पण एका मुलासाठी बाकीच्यांना शाळा निरुपयोगी व्हायची. न्याय मान्य, प्रवेश अमान्य! १८५८ मध्ये ठरले की संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या. कागदावर दार उघडले. त्यानंतर चोवीस वर्षांनी हे सतरा.

ह्याच सुमारास, १८८२ च्या ऑक्टोबरात, महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. जातीच्या तिटकाऱ्यामुळे महार-मांगांच्या मुलांना शाळांतून जवळजवळ बाहेरच ठेवले आहे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. कमिशनने तत्त्व मान्य केले, पण अंमल जपून करा म्हणाले. जपून म्हणजे कोणाला जपून, ते आपल्याला कळतेच. आणि आमच्या मुलांना डोके नव्हते म्हणावे, तर फुल्यांच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मुक्ता साळवे ही मांगाची मुलगी. तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता.

आता बाबासाहेबांचेच घ्या. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव इंग्रजी पहिलीत घातले. म्हणजे त्या तक्त्यातल्या मिडल स्कुलातच. रजिस्टरला भिवा रामजी आंबेडकर, नंबर १९१४. (२०१७ पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात.) वडील फौजेच्या शाळेत मास्तर होते, म्हणून घरात पुस्तक होते. तरी साताऱ्यात बाबासाहेब वेगळे बसले. पुढे मुंबईला आपल्याच परळच्या डबक चाळीत राहून हायस्कुलात शिकले. तिथे संस्कृत घेऊ दिले नाही, फारशी घ्यावी लागली. १९०७ मध्ये मॅट्रिक झाले, ७५० पैकी २८२ गुण. शंभराला अडतीसही पडत नाहीत. नुसती गुणपत्रिका बघून त्या दिवशी कोणी काय म्हटले असते? इतकेच व्हायचे!

म्हणूनच १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कौन्सिलात बोलताना बाबासाहेबांनी निकाल नाही सांगितला, आधी डोकी मोजली. शाळेत घातलेल्या शंभर मुलांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावले. दुय्यम शिक्षणात लाख वस्तीमागे पुढारलेल्या हिंदूंचे ३,००० विद्यार्थी, मुसलमानांचे ५००, मधल्या जातींचे १४०. अस्पृश्य, आदिवासी धरून मागासलेल्यांचे चौदा. हे आकडे सरकारच्याच कागदातले. सरकारला ते कोणी वाचून दाखवत नव्हते, एवढेच.

माझे स्वतःचे सांगायचे तर, मी सातवीला सुटलो तो नापास होऊन नाही. घरात कमावणारा पाहिजे होता. माझ्या वर्गातले किती असे गेले, त्याची नोंद शाळेने ठेवली नाही. निकाल लागला तो उरलेल्यांचा.

आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत म्हणून आम्ही एक वही घातली आहे. पाचवीला आलेला मुलगा किंवा मुलगी आठवीला आहे का, नसेल तर कुठे गेली, का गेली, एवढेच त्यात लिहितो. मार्क लिहीत नाही. वही कपाटात खालच्या फळीवर असते. रविवारी वंदना झाल्यावर पालकांनी आपल्या मुलांची नोंद बघून घ्यावी. काही चुकले असेल तर मला सांगावे, दुरुस्त करतो.