सूत तुटू नये म्हणून

हिंजवडीच्या उंच सोसायट्यांत फेब्रुवारी उलटला की पलंगाशेजारच्या टेबलावर एक प्लास्टिकचं भांडं हजेरी लावतं. बटण दाबलं की वरून पांढरा धूर निघतो, पण तो धूर नव्हे, पाणीच. मार्च-एप्रिलच्या दुपारी पुण्यातली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. त्यात आयटीवाल्यांचा दिवस ऑफिसच्या एसीत जातो आणि रात्र घरच्या. ओठ फुटतात, नाकात खपल्या धरतात, पोराचा कोरडा खोकला नेमका झोपेच्या वेळी उसळतो आणि ह्युमिडिफायर मागवला जातो. ज्या घराण्यातून हे यंत्र आलं, तिथे मात्र माणसाच्या नाकाची फिकीर कुणालाच नव्हती. फिकीर होती ती सुताची.

कापूस हवेतला ओलावा धरून ठेवतो. व्यापारात कोरड्या कापसाच्या वजनावर साडेआठ टक्के ओलावा गृहीत धरूनच हिशेब होतो. हवा कोरडी पडली की तंतूंचं बळ जातं, घासून घासून त्यांच्यात वीज साचते, तूस उडत राहतं, ताण्यावरची खळ तडकते आणि धागा तुटतो. ढाक्याच्या मलमलीचं सूत कातणाऱ्या बायका म्हणूनच सकाळ-संध्याकाळची दमट वेळ साधत. लँकेशायरमध्ये गिरण्या फोफावल्या, त्यात तिथल्या ओलसर हवेचाही वाटा होता. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, तेव्हा समुद्राची दमट हवा त्यांना आयतीच मिळाली.

नागपूरला समुद्र कुठला! तरीही कापसाच्या मुलखातच गिरणी हवी, हे जमशेटजी टाटांनी हेरलं. जुम्मा तलावाजवळ उभी राहिलेली त्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. विदर्भाचा उन्हाळा म्हणजे धाग्याचा वैरी. टाटांच्या चरित्रकारांच्या नोंदीप्रमाणे भारतातले पहिले ह्युमिडिफायर बसले ते याच गिरणीत, आग विझवणाऱ्या फवाऱ्यांच्या जोडीने. ज्या नागपुरात पुढे घरोघरी कूलर खडखडू लागले, तिथेच हे व्हावं यात नवल नाही. कूलर हासुद्धा एक मोठा, दांडगा ह्युमिडिफायरच.

सुताला जे मानवत होतं ते मजुराला मानवत नव्हतं, ही या कुळातली काळी बाजू. इंग्लंडमधल्या विणाई खात्यांत थेट वाफ सोडत. अंगावरचे कपडे ओलेचिंब व्हायचे आणि त्याच कपड्यांनी कामगार बाहेरच्या थंडीत पडायचे. ओरड झाली तेव्हा १८८९ साली तिथे कायदा आला आणि खात्यात किती उष्णतेला किती ओलावा चालेल, याची मर्यादा ठरली. ती तपासायला दोन तापमापी शेजारीशेजारी टांगत. एक कोरडा, तर दुसऱ्याच्या टोकाला भिजवलेलं सुती फडकं. दोन्ही आकड्यांमध्ये फरक जितका जास्त, तितकी हवा कोरडी. पुणेकरांना ही जोडी परकी नाही, कारण हीच जोडी वापरणाऱ्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून शिवाजीनगरला आलं. त्या इमारतीला अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात.

अमेरिकेत या विद्येला वेगळे धुमारे फुटले. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही; तो ओलावा काबूत आणायला विलिस कॅरियर यांनी यंत्रणा आखली. १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर या कापड गिरण्यांच्या अभियंत्याने हवेला ओल देण्याच्या आपल्या कामाला ‘एअर कंडिशनिंग’ म्हटलं. म्हणजे हिंजवडीच्या बेडरूममध्ये हवा सुकवणारा एसी आणि तिला पुन्हा भिजवणारा ह्युमिडिफायर हे एकाच घराण्यातले भाऊ आहेत, आणि दोघांचंही वीजबिल एकच माणूस भरतो.

आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावातल्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, ७५ टक्क्यांच्या पुढची ओल लागे. अशा हवेसाठी १९४८ च्या कारखाने अधिनियमात पंधरावं कलम होतं. त्यातलं एक पोटकलम हिंजवडीकरांनी जरूर ध्यानात घ्यावं: हवेत सोडायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्यातलं किंवा पिण्याच्या पाण्याच्या साठ्यातलं असावं, नाहीतर आधी नीट शुद्ध करून घ्यावं.

घरात आलेलं यंत्र हा नियम गिरणीतच विसरून आलं. स्वस्तातले बहुतेक ह्युमिडिफायर अल्ट्रासॉनिक असतात. तळाशी एक चकती असते. ती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे तुषार करते. पाण्यात जे असेल ते सगळं त्या तुषारांबरोबर हवेत जातं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी ओतलं, तर चार दिवसांत टीव्हीवर, लॅपटॉपवर पांढरी भुकटी बसते, आणि तीच श्वासातही जाते. यात आरओचं पाणी वापरलेलं बरं. टाकीत वास घालवण्यासाठी औषधं तर अजिबात घालू नयेत. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशकं विकली जात. शेकडो माणसं फुप्फुसं निकामी होऊन दगावली आणि २०११ साली कारण उघड झालं.

दुसरा प्रकार ओल्या वातीतून किंवा जाळीतून पंख्याने हवा ओढणारा. तो महाग आणि थोडा आवाज करणारा, पण क्षार वातीतच अडकतात आणि हवा दमट होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं. लहान मूल किंवा दमेकरी असलेल्या घराने हाच घ्यावा. वात मात्र वेळच्या वेळी बदलावी लागते.

पाणी किती लागतं? दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत ३० अंशांवर आर्द्रता २५ वरून ४५ टक्क्यांवर न्यायला जेमतेम पेलाभर, सुमारे २०० मिलिलिटर, पाणी पुरतं. अर्थात दारं-खिडक्या बंद असतील तर. उघड्या स्लायडिंगपाशी रात्रभर यंत्र चालवणं म्हणजे अख्ख्या मुळशी तालुक्याला ओल देण्याचा उद्योग.

म्हणून यंत्राच्या आधी आर्द्रतामापी घ्यावा. तो काही शे रुपयांत मिळतो. खरा की खोटा हे घरीच कळतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्याचा लगदा होईल एवढंच पाणी घालावं, ते झाकण आणि मापी एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवावेत. सकाळी आकडा ७५ च्या आसपास दिसला पाहिजे. कमी-जास्त असेल तितका फरक लक्षात ठेवला की झालं. घरात ४० ते ५० टक्के पुरे. ६० च्या वर बुरशी आणि धुळीतल्या किड्यांचं फावतं, आणि ज्या खोकल्यासाठी खर्च केला तोच वाढतो. टाकी रोज रिकामी करून पुसावी, आठवड्याला व्हिनेगरने घासावी.

जून लागला की यंत्र धुऊन, कडकडीत वाळवून माळ्यावर टाकावं. जुलैत हिंजवडीची हवा फुकटातच ८० टक्क्यांच्या पुढे जाते.