दगड गेला, ठसा राहिला



शाळेंत आपण सर्वांनी कित्ता गिरविलेला आहे. गुरुजींनीं वरच्या ओळींत घोटून अक्षर काढून द्यावें आणि मुलानें खालच्या ओळी त्याबरहुकूम भरीत जाव्या, हा आपला जुना शिरस्ता. मीं स्वतः तीस वर्षांवर मुलांकडून तो गिरवून घेतला. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळांचें अक्षर शेवटपर्यंत कोंबडीच्या पायासारखेंच राहिलें. आज ज्याविषयीं बोलावयाचें आहे तोहि कित्ताच. मात्र तो गिरविणारा देश चीन, आणि त्याची वरची ओळ दगडांत कोरलेली.

जपानांत तोक्यो शहराच्या नेगिशी भागांत सुलेखनाचें एक संग्रहालय आहे. नाकामुरा फुसेत्सु (१८६६-१९४३) या चित्रकारानें तें १९३६ सालीं आपल्या घराच्या आवारांत उघडलें. १८९५ सालीं चीन-जपान युद्धाच्या प्रसंगीं तो वर्तमानपत्रातर्फे, कवि मासाओका शिकि याच्याप्रमाणेंच, चीनमध्यें गेला होता. तेथें प्राचीन अक्षरांचें जें वेड लागलें तें मरेपर्यंत सुटलें नाहीं. पुढें पॅरिसला जाऊन तो तैलचित्रण शिकून आला. पण चाळीस वर्षांवर एकट्याच्या बळावर त्यानें जमविलें तें शिलालेख, ठसे आणि कित्ते. ही दौलत आतां ताइतो विभागाच्या नगरसंस्थेकडे असून २००० सालापासून संग्रहालय पुन्हा लोकांस खुलें आहे. तेथील एका ठशाची हकीकत मला सांगावयाची आहे; पण आधीं ठसा म्हणजे काय तें पाहूं.

पातळ, चिवट कागद ओला करून दगडावर बसवितात. कुंचल्यानें ठोकीत ठोकीत तो कोरलेल्या रेघांच्या खांचांत उतरवितात. कागद वाळत आला म्हणजे रेशमी कापडाच्या पुरचुंडीला शाई लावून वरून हलकेच थोपटतात. सपाट भाग काळा होतो, खांचेंतील अक्षर पांढरें राहतें. शाई लागते ती कागदाच्या आपल्याकडील अंगाला. म्हणून छापखान्याच्या खिळ्यासारखें येथें अक्षर उलटें कोरावें लागत नाहीं. आपल्या लेण्यांतील व देवळांतील लेखांचे ठसे संशोधक घेतात ते याच जातीच्या रीतीनें.

चिन्यांचा दगडावर भरंवसा मोठा. हस्तलिखितांत पाठभेद माजले, म्हणून इ. स. १७५ मध्यें हान दरबारानें कन्फ्यूशियस-परंपरेचे मूळ ग्रंथ शिळांवर कोरविण्यास आरंभ केला. ४६ शिळा लोयांग राजधानींत विद्यापीठापुढें उभ्या राहिल्या. पाठ ताडून पाहण्यास येणाऱ्यांच्या गाड्या दररोज हजारावर जमत व रस्ते तुंबत, असें त्या घराण्याच्या इतिहासांत नमूद आहे. आतां शंका कायमची मिटली असें विद्वानांना वाटलें असेल. पण १९० सालीं लोयांग जाळण्यांत आलें, आणि त्या शिळांचे आज तुकडे तेवढे सांपडतात.

दगडाला आग आणि भूकंप हे शत्रु आहेतच. पण चाहतेहि कमी नाहींत. ठसा घेतांना ठोकण्यानें कोरलेल्या कडा झिजतात, रेघा पुसट होतात. ठसा किती जुना हें ठरवितांना जाणकार अमक्या अक्षराची अमकी रेघ अजून शाबूत आहे कीं तुटली हेंच पाहतात. मग लबाडहि तयार होतात. कोणी शाईनें तुटकी रेघ दुरुस्त करतो, कोणी नवा दगड कोरून जुन्याचें नांव देतो.

शिळेखेरीज कित्त्यांचीं पुस्तकें वेगळीं. ९९२ सालीं सोंग बादशहा ताइ-झुंग यानें आपल्या संग्रहांतील नामांकित हस्ताक्षरें फळ्यांवर कोरवून त्यांच्या ठशांचे दहा भाग तयार करविले. त्यांत चौथ्या शतकांतील वांग शी-झी याच्या पत्रांना मानाचें स्थान आहे. चीनमध्यें अक्षर म्हणजे वांग शी-झी. आणि त्याच्या हातची म्हणून खात्रीनें दाखवितां येईल अशी एक ओळहि आज उरलेली नाहीं. घाईंत लिहिलेलीं खासगी पत्रें नकलेवर नकल होत हजार वर्षें कित्ता होऊन बसलीं. मला यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. माझेंहि अक्षर माझ्या गुरुजींच्या अक्षराची नक्कलच, आणि त्यांचें त्यांच्या गुरुजींच्या.

आतां तो ठसा. शान्शी प्रांतांत हुआ-शान नांवाचा पवित्र पर्वत आहे. त्याच्या देवस्थानांत इ. स. १६५ मध्यें एक शिळा उभारली होती. तिची लिपि हान काळची कचेरीची. अक्षर रुंद, बसकें, आणि शेवटच्या रेघेला होडीच्या नाळेसारखा बांक. जवळजवळ चौदाशें वर्षें ती शिळा टिकली. १५५६ च्या जानेवारींत त्या मुलखांत भूकंप झाला. चिनी नोंदींप्रमाणें त्यांत ८,३०,००० च्या वर माणसें दगावलीं. एवढ्या प्रेतांपुढें एका शिळेची मोजदाद कोण करणार? ती नष्ट झाली.

तिचे पूर्वीं घेतलेले चार ठसे तेवढे राहिले, आणि ते पूर्वींच्या मालकांच्या गांवांवरून ओळखले जातात. बहुतेकांनीं ठसा कापून, ओळींच्या पट्ट्या करून वहींत चिकटविला. वाचावयास व गिरवावयास तें सोयीचें, परंतु शिळेचा आकार त्यांत हरवतो. सी-मिंग नांवाचा ठसा तेवढा अखंड आहे. तो आणि हुआ-यिन हे दोन पेकिंगच्या राजवाडा-संग्रहालयांत आहेत. शुन-ते नांवाचा हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांत, आणि चौथा, चांग-युआन, नेगिशींत फुसेत्सुच्या संग्रहांत. हुआ-शानच्या त्या देवळांत मात्र चारांपैकीं एकहि नाहीं.